मानवी व्यापार : ओळख, सुटका आणि त्यापुढचे प्रशासन

सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूच्या शिवाजीनगर मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करण्याचा मनोदय कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केला. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. त्या वादात मला पडावयाचे नाही. सेवानियमही मला तशी मुभा देत नाहीत. परंतु त्या निमित्ताने इतिहासातील एका नोंदीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. १६७७ साली कर्नाटकच्या मोहिमेत असताना शिवाजी महाराजांनी डच कंपनीला एक कौल दिला. त्यात व्यापाराच्या सवलती होत्या, तशीच एक स्पष्ट बंदीही होती. पूर्वीच्या राजवटीत या मुलखातील स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेऊन जहाजातून नेण्याची मोकळीक डचांना होती. ती महाराजांनी काढून घेतली आणि तसा प्रयत्न झाल्यास आपली माणसे तो रोखतील, असे बजावले. परकीय व्यापाऱ्याला दुखावण्याची किंमत ठाऊक असूनही घेतलेला हा प्रशासकीय निर्णय होता.

ज्या नावाचा आपल्याला अभिमान वाटतो, त्या नावामागे हेही एक कलम आहे. म्हणून आज मानवी व्यापाराविषयी लिहीत आहे. प्रश्न तीन आहेत : तो ओळखावा कसा, ओळखल्यावर करावे काय, आणि सुटून आलेल्या माणसाचे पुढे होते काय. माझ्या मते आपली व्यवस्था पहिल्या प्रश्नावर अडखळते आणि तिसऱ्यावर हात टेकते. दुसऱ्याचीच वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. (येथील मते अर्थातच माझी वैयक्तिक आहेत, शासनाची नव्हेत.)

व्यापार म्हणजे नेमके काय?

शिवाजीनगरात ज्यांनी अर्धा दिवस घालवला आहे त्यांना तेथील गर्दीचे स्वरूप ठाऊक आहे. बसस्थानक, रसेल मार्केट, बोरिंग रुग्णालय, कमर्शियल स्ट्रीट, लहानमोठी लॉज, शिवणकामाचे कारखाने, जुन्या सुट्या भागांची दुकाने आणि जवळच कँटोन्मेंटचे रेल्वे स्थानक. रोज नवी माणसे उतरतात, काम शोधतात, कोणाच्या तरी ओळखीने कोठे तरी जातात. यांतील बहुसंख्य माणसे स्वेच्छेने आलेली, कष्टाळू आणि आपल्या पायांवर उभी राहणारी असतात. स्थलांतर म्हणजे गुन्हा नव्हे. गरीब माणसाला दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा तो बहुधा सर्वांत खात्रीचा मार्ग असतो. मानवी व्यापाराची अडचण अशी की, तो याच मार्गावरून, याच बसने आणि पुष्कळदा याच ओळखीपाळखीतून चालतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंत भेद दिसत नाही.

भेद कायद्याने मात्र केलेला आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार, वेठबिगारी आणि सक्तीचे श्रम यांना मनाई केली आहे. संयुक्त राष्ट्रांचा या विषयावरील मसुदा २००० साली पालेर्मो येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि भारताने त्यास २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली भारतीय दंड संहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ने घेतली आहे. या व्याख्येचे तीन घटक आहेत. पहिला घटक कृतीचा : भरती करणे, नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याच्या हवाली करणे. दुसरा साधनाचा : धमकी, बळ, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर, आमिष. तिसरा हेतूचा : शोषण. शोषणात लैंगिक शोषण येते, तशीच गुलामगिरीसदृश चाकरी, अवयव काढून घेणे आणि आता भीक मागायला लावणेही येते. महत्त्वाचे म्हणजे, पीडित व्यक्तीची संमती या गुन्ह्यात निरर्थक ठरते.

हे शेवटचे वाक्य पुष्कळांना पटत नाही. ‘ती स्वतःच्या पायांनी गेली ना?’ हा प्रश्न आपल्याकडे दिवाणखान्यात विचारला जातो, तसा चौकशीतही विचारला जातो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात सौद्याचा मूलभूत नियम मोडलेला दिसतो. एका पक्षाला कामाचे ठिकाण, मजुरी, कर्जाचा हिशेब आणि बाहेर पडण्याची वाट, सारे ठाऊक असते. दुसऱ्याला यांतील काहीच ठाऊक नसते. मग उचल दिली जाते. उचल म्हणजे केवळ आगाऊ मजुरी नव्हे. ती बाहेर पडण्याची किंमत वाढवण्याचे हत्यार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबणारा माणूस भुकेच्या सक्तीने राबतो, म्हणून तेही अनुच्छेद २३ मधील सक्तीचे श्रम होत, असा तो निर्णय आहे.

ओळखण्याचे पाच प्रश्न

शोषणाचे बळी साखळदंडांत दिसतील, ही अपेक्षा सोडून द्यावी. त्याऐवजी पाच साधे प्रश्न मनाशी विचारावेत.

१. या व्यक्तीचे आधार कार्ड, पारपत्र आणि फोन कोणाच्या ताब्यात आहे?
२. तिची मजुरी तिच्या हाती पडते, की ‘हिशेबात जमा’ होते?
३. ती आज काम सोडून जाऊ शकते का? गेली तर काय होईल, असे तिला वाटते?
४. प्रश्न तिला विचारला तरी उत्तर दुसराच कोणी देतो का?
५. आपण कोठे आहोत, कोणाकडे काम करतो, हे तिला सांगता येते का? गावाकडे मोकळेपणाने बोलता येते का?

यांतील एकाच उत्तराने काही सिद्ध होत नाही. तीन-चार उत्तरे एकाच दिशेने जाऊ लागली की सावध व्हावे.

हे प्रश्न केवळ देहविक्रयापुरते नाहीत. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातून कातकरी कुटुंबांची मुले मेंढ्या राखण्यासाठी नेली जात असल्याचे उघड झाले. मोबदला होता काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा हे प्रकरण बाहेर आले. दुसऱ्या टोकाला संगणक शिकलेला तरुण आहे. थायलंडमध्ये नोकरी म्हणून निघालेले भारतीय तरुण म्यानमारच्या सीमेवरील म्यावड्डी भागात पोहोचवले गेले. पारपत्रे काढून घेऊन त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करवून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने माए सोट येथून दोन दिवसांत ५४९ नागरिकांना विमानाने परत आणले. मेंढ्या राखणारी मुलगी आणि लॅपटॉपसमोरचा पदवीधर यांत वरकरणी साम्य नाही. पण वरील प्रश्नांची उत्तरे दोघांची सारखीच येतात.

बेंगळुरूचे सर्वांत गाजलेले प्रकरण मे २०२१ चे. राममूर्तीनगर भागात एका बांगलादेशी तरुणीवर झालेल्या अमानुष अत्याचाराची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरली आणि तपासात मानवी व्यापाराचे जाळे उघडकीस आले. टिकटॉकवरील ओळखीतून, नोकरीच्या आमिषाने मुली सीमेपलीकडून आणल्या जात होत्या. बेंगळुरू पोलिसांनी वेगाने तपास केला. मे २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी ७ जणांना जन्मठेप दिली. वर्षभरात लागलेला हा निकाल प्रशंसनीय आहे. पण प्रशासकाच्या नजरेने पाहता एक गोष्ट खटकते. गुन्हा उजेडात आला तो गुन्हेगारांनीच काढलेल्या चित्रफितीमुळे. कोणी ओळखून कळवल्यामुळे नव्हे.

‘मग माझा मामा गुन्हेगार का?’

हा विषय मी एकदा परप्रांतातील एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मांडला होता. व्याख्यान संपल्यावर सोन्या-चांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारे एक वयस्क गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, ‘साहेब, मी बी बाराव्या वर्षीच मामाच्या हाताखाली आलो. मग माझ्या मामाला तुम्ही तुरुंगात घालणार होता का?’

प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला प्रामाणिक उत्तर देणे भाग आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्यातील माण-खटाव या दुष्काळी तालुक्यांतून गेलेले गलाई व्यावसायिक भारतभर पसरले आहेत. गावाकडचा भाचा-पुतण्या हाताखाली घ्यावा, त्याला धंदा शिकवावा आणि पुढे त्याचे स्वतःचे दुकान उभे राहावे, या रीतीने अनेक घरे वर आली. तिला सरसकट मानवी व्यापार म्हणणे अन्यायाचे ठरेल. मी त्यांना इतकेच विचारले, ‘काका, तुम्हाला घरी जावेसे वाटले असते, तर मामांनी जाऊ दिले असते?’ ते म्हणाले, ‘का नाही? दिवाळीला मामाच घेऊन जायचा की!’ भेद येथे आहे. मात्र त्याच वेळी हेही सांगितले की, काळ बदलला तसा कायदाही बदलला आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलास नोकरीवर ठेवणे हाच गुन्हा आहे, आणि चौदा ते अठरा वयोगटास धोक्याच्या कामावर लावता येत नाही. भट्टी आणि आम्ल यांच्याशी गाठ असलेल्या कामात कोवळ्या मुलाला घालू नये, हे सांगायला खरे तर कायदाही लागू नये. मुलाचे वेतन अडकवून त्याला डांबून ठेवले, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७९ लागू होते; मग तो मामा असो वा परका.

हीच कसोटी आपल्या घरालाही लावावी. सदनिकेत चोवीस तास राहणारी, एजन्सीने पाठवलेली, वेतन एजन्सीच्याच खात्यात जमा होणारी मुलगी आपल्या ओळखीच्या कोणाकडे नाही ना, हे वाचकांनी स्वतःशीच तपासावे.

चुकीच्या ओळखीचा धोका

ओळखावे म्हणताना एक इशारा देणे आवश्यक आहे. मे २०१८ मध्ये बेंगळुरूच्या चामराजपेटेत मुले पळवणारा समजून राजस्थानातील एका तरुणाला जमावाने ठार मारले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा तसाच अंत झाला. भिक्षेवर जगणारी ती माणसे बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातून आलेली होती. दोन्ही ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपवरील अफवा कारणीभूत होत्या. संशय आणि ओळख यांत महदंतर आहे. संशयाला फक्त अनोळखी चेहरा पुरतो; ओळखीला वरील पाच प्रश्न लागतात.

म्हणून नागरिकाचे काम कळवण्यापुरते आहे. संबंधित माणसाला अडवू नये, दमदाटी करू नये, छायाचित्र काढून गटांत पाठवू नये. बालकाबाबत १०९८, स्त्रीबाबत १८१, तातडीच्या प्रसंगी ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक आहेत. गाडीचे नाव, डबा, आसन, बसचा क्रमांक, वेळ आणि दिसले ते नेमकेपणाने सांगावे. आपला तर्क सांगू नये. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. बालकाची ओळख प्रसिद्ध करणे हा तर स्वतंत्र गुन्हाच आहे.

सुटकेनंतर

आता सर्वांत दुखऱ्या भागाकडे वळतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत छापे घालून चारशेहून अधिक स्त्रिया व मुलींची सुटका करण्यात आली. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांना ठेवण्याची पुरेशी व्यवस्था शासनाकडे नव्हती, आणि नेपाळ शासनानेही त्यांना परत घेण्याची तत्परता दाखवली नाही. अनेक महिने त्या निवासगृहांत अडकून पडल्या. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन त्याच वर्षी शंभराहून अधिक मुलींना मायदेशी नेले. पुढे त्यांच्यातल्याच काही जणींनी ‘शक्ती समूह’ ही संस्था उभारली. तिला २०१३ चा रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोणाच्या दयेच्या धनी न राहता त्या स्वतःच्या प्रश्नाच्या जाणकार झाल्या, ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत आशादायक बाब आहे.

या अनुभवापासून व्यवस्था पुरते शिकली असे म्हणता येत नाही. प्रौढ स्त्रीला ‘संरक्षण’ म्हणून तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवण्याची रीत चालूच राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन स्त्रियांना मुक्त करताना, प्रौढ स्त्रीला आपल्या इच्छेनुसार राहण्याचा आणि व्यवसाय निवडण्याचा मूलभूत अधिकार आहे, याची आठवण करून दिली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना सन्मानाने वागवण्याचे निर्देश पोलिसांना दिले. सुटका या शब्दाचा अर्थ एका कुलपातून दुसऱ्या कुलपात, असा होता कामा नये.

आर्थिक साह्याची तरतूद कागदावर बरी आहे. वेठबिगार मजुरांच्या पुनर्वसनाच्या २०१६ च्या केंद्रीय योजनेत प्रौढ पुरुषास १ लाख, स्त्रिया व बालके यांना २ लाख आणि मानवी व्यापार वा लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये आहेत. तातडीचे साह्य २०२२ पासून ३० हजारांपर्यंत वाढवले आहे. शिवाय पीडितांच्या नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर त्याची विनामूल्य माहिती मिळते. निवासासाठी पूर्वीच्या उज्ज्वला व स्वाधार योजना आता ‘शक्ती सदन’ या नावाने एकत्र झाल्या आहेत.

मग अडते कोठे? दोन ठिकाणी. पहिले, मुक्तता प्रमाणपत्र. जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या त्या एका कागदावाचून वेठबिगाराला त्या योजनेतील काहीच मिळत नाही. ‘हा केवळ वेतनाचा वाद आहे’ असा शेरा मारून प्रकरण कामगार खात्याकडे वळवणे अधिकाऱ्याला सोयीचे असते. कारण आपल्या जिल्ह्यात वेठबिगारी आहे हे मान्य करणे म्हणजे आपल्याच प्रशासनावर ठपका ओढवून घेणे, असे त्याला वाटते. दुसरे, पूर्ण रक्कम आरोपीच्या दोषसिद्धीशी जोडलेली होती. खटला वर्षानुवर्षे चालणार. तोवर सुटलेला माणूस जगणार कशावर? तो पुन्हा त्याच मुकादमाच्या दारी जातो. १९७६ चा कायदा झाल्यानंतर सुमारे चार दशकांत शासकीय नोंदीनुसार तीन लाखांच्या आसपास वेठबिगार मुक्त झाले. आणि २०१६ साली शासनाने २०३० पर्यंतचे जे लक्ष्य जाहीर केले, ते १.८४ कोटींचे होते. या दोन आकड्यांतील अंतर केवळ निधीने भरून निघणारे नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मदत ही पीडिताच्या गरजेवर ठरावी, आरोपीच्या शिक्षेवर नव्हे. शिक्षा होणे न होणे हे पुराव्यावर, तपासावर आणि न्यायालयाच्या गतीवर अवलंबून असते. त्यातील एकही गोष्ट पीडिताच्या हाती नसते. जी गोष्ट त्याच्या हाती नाही, तिच्या अपयशाचा दंड त्याने का भरावा? तसेच, जो अधिकारी वेठबिगारी शोधून काढतो त्याच्या गोपनीय अहवालात ती जमेची बाजू म्हणून नोंदली जावी. रोग शोधणाऱ्या वैद्याला रोगाबद्दल दोषी धरले, तर कोणी रोग शोधणार नाही. सर्वसमावेशक कायद्याचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेत न पोहोचता २०१९ मध्ये व्यपगत झाले. २०२१ चा मसुदा संसदेत मांडलाच गेला नाही. नवा कायदा येईल तेव्हा येवो. वरील दोन सुधारणांसाठी त्याची वाट पाहण्याची गरज नाही.

आपण काय करू शकतो?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना करतो. परमुलखात सुटका झालेल्या व्यक्तीची पहिली अडचण भाषेची असते. बेंगळुरूत सापडलेल्या सोलापूर वा बीडच्या मुलीचा जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. दुभाषी कोण, तर हाताशी असेल तो. कधी कधी आरोपीच्याच ओळखीचा माणूस! भाषांतरात एक क्रियापद चुकले तरी ‘मला आणले’ याचे ‘मी आले’ होते, आणि खटल्याचा पायाच खचतो. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात अर्हताप्राप्त अनुवादक व दुभाषी यांची तरतूद आहे. उणीव आहे ती माणसांची.

मराठी मंडळांनी आपापल्या शहरातील बाल कल्याण समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांना पत्र लिहून कळवावे की, मराठी-कन्नड, मराठी-तमिळ वा मराठी-तेलुगू जाणणाऱ्या, विश्वासू, शक्यतो स्त्री-सदस्यांची सूची आमच्याकडे आहे. बोलावल्यास आम्ही येऊ. निवृत्त शिक्षिका, बँक कर्मचारी, परिचारिका यांच्यासारखी योग्य माणसे प्रत्येक मंडळात असतात. सुरुवातीला थोडे प्रशिक्षण लागेल आणि गोपनीयतेची लेखी हमी द्यावी लागेल. रस्त्यावरील मुलांसाठी बेंगळुरूत १९८० पासून काम करणारी ‘बॉस्को’ आणि शोषणातून सुटलेल्या स्त्रिया-मुलांसाठी झटणारी म्हैसूरची ‘ओडनाडी’ यांसारख्या संस्थांकडून ते शिकता येईल. अन्य शहरांतही अशा संस्था आहेत. यास वर्गणी लागत नाही, सभागृह लागत नाही. मध्यरात्री फोन आला तर उठण्याची तयारी मात्र लागते.

गणेशोत्सव, दिवाळी अंक, नाट्यप्रयोग हे सारे चालूच राहावे. भाषा त्यानेही टिकते. पण अनोळखी शहराच्या पोलीस ठाण्यात घाबरून बसलेल्या एखाद्या मुलीच्या कानावर ‘बाळ, तुझं गाव कुठलं?’ हे शब्द तिच्याच भाषेत पडावेत, यापरते भाषेचे मोठे काम मला सुचत नाही. पुढील कार्यकारिणी सभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घ्यावा, इतकीच विनंती.